जुनी टर्बो गाडी घ्यायला निघताना

फोक्सवॅगनची पोलो जीटी की फियाटची अबार्थ पुंटो, हे ठरवायच्या आधी त्या गाडीला हात लावणारा मिस्त्री तुमच्यापासून किती लांब आहे ते बघा. लातूर-नांदेडकडे स्कॅनर लावून एरर कोड वाचणारा, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स समजणारा माणूस सापडला, तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. नाही तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत गाडी टोइंग करून न्यायचा खर्च हिशेबात धरा. अबार्थची १४५ बीएचपी ताकद मलाही भुरळ घालते, पण फियाटच्या गाड्या इथे विकणं बंद झालं आणि सुटे भाग शोधत बसावं लागतं. रोज वापरायची असेल तर मी पोलोच सांगेन. तीही २०२२ मध्ये बंद झाली, पण फोक्सवॅगनची सर्व्हिस सेंटर अजून चालू आहेत.

गाडी सकाळी बघायला जा आणि आम्ही येईपर्यंत चालू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. रंगीत कूलंटऐवजी गढूळ, तांबूस पाणी आणि कडेला पांढरा थर दिसला, तर कोणीतरी बोअरचं पाणी भरत आलंय. त्या क्षारांनी रेडिएटर चोंदतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की असं टर्बो इंजिन तापायला वेळ लागत नाही. अशी गाडी कितीही चकाचक असो, सोडून द्या. मग चालू करा. मागून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय.

पोलो जीटी सात गिअरच्या डीएसजीची असेल, तर त्या गिअरबॉक्सची परीक्षा हायवेवर होत नाही. भर उन्हात अर्धा तास बाजाराच्या गर्दीत चालवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके बसतात का बघा. मग रॅम्पवर चढवून खालून ऑइल चेंबर तपासा. गावोगावच्या स्पीडब्रेकरवर तो आपटलेला असतो, आणि वाळलेल्या काळ्या मातीखाली गळती दिसत नाही, म्हणून आधी धुवून घ्या. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. इतके जुने टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका.

कागदपत्रांत मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, शिवाय थकलेली चलनं तपासा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. विमा १४ दिवसांत नावावर करा. बजेटचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, आणि मालक काहीही सांगो, ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या.