वरून रिकाम्या, खालून भरलेल्या स्तनांसाठी ब्रा कशी निवडावी

ब्रा घातल्यावर कपाची वरची कड छातीला न टेकता उघडी राहते, कुर्त्यावरून त्या जागी खळगा किंवा सुरकुती दिसते आणि खाली वाकले की कप पुढे लोंबतो, ही तक्रार पंचविशीतल्या मुलीपासून साठीतल्या आजीपर्यंत अनेकींची असते. यावर घरोघरी एकच उपाय केला जातो: कप मोठा होतो आहे असे मानून पुढच्या वेळी एक कप लहान आणायचा. त्याने वरची पोकळी थोडी झाकली जाते, पण काखेपाशी मांस बाहेर येते, कपाखालची तार स्तनावरच टेकते आणि संध्याकाळपर्यंत पाठीचा पट्टा वर सरकलेला असतो. अशा वेळी मापापेक्षा कपाचा घाट तपासणे अधिक उपयोगी असते, कारण ज्या स्तनांचा भरीवपणा मुख्यतः खालच्या अर्ध्यात असतो, त्यांना वरपर्यंत सारख्या फुगवट्याचा कप कोणत्याही मापात नीट बसत नाही.

बडोद्यात मंगळबाजारातल्या दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘कयो नंबर आपुं, बेन?’ आपणही चौतीस किंवा छत्तीस असे सांगतो, गल्ल्यावर डबा उघडला जातो आणि रंग पाहून खरेदी उरकते. त्या एका आकड्यात छातीचा घेर कळतो. स्तनांची ठेवण त्यात कुठेच येत नाही. गंमत अशी, की कपासाठी अक्षरे वापरण्याची सुरुवात झाली तेव्हा ठेवणीचा विचार त्यात होता. अमेरिकेतील एस. एच. कॅम्प या कंपनीने १९३२ साली ए ते डी ही अक्षरे आणली, ती स्तनांच्या आकारमानाबरोबर त्यांच्या झुकावाशीही जोडलेली होती. पुढे ती अक्षरे केवळ आकारमानाची खूण होऊन राहिली आणि ठेवण ओळखण्याचे काम आपल्यावर आले.

स्तनांमध्ये स्नायू नसतो. स्नायू त्यांच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यावर असतो. स्तनांत दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुमय बंध असतात. इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना कूपरचे बंध म्हणतात. गरोदरपणात ग्रंथी वाढतात, बाळाचे दूध सुटल्यावर त्या आक्रसतात, आणि ताणली गेलेली त्वचा मात्र तेवढी आक्रसत नाही. त्यामुळे वरचा भाग रिता होऊन भार खाली उतरतो. पाळी थांबल्यानंतर किंवा वजन भराभर उतरल्यावरही हेच घडते. काही जणींची ठेवण तर वयात आल्यापासूनच अशी असते आणि त्यात काही न्यून नाही. दूध पाजल्यामुळे स्तन ओघळतात हा समज मात्र सोडून द्यावा. वय, गरोदरपणांची संख्या, वजनातील चढउतार आणि धूम्रपान यांचा परिणाम दिसून आला आहे, स्तनपानाचा स्वतंत्रपणे तसा दिसलेला नाही.

आपली ठेवण ओळखण्यासाठी ब्रा न घालता आरशासमोर सरळ उभे राहावे आणि स्तनाग्रांच्या पातळीवर एक आडवी रेघ मनात ओढावी. रेघेच्या वरचा उतार सपाट किंवा किंचित आत वळलेला आणि खालचा भाग गोलसर भरलेला असेल, स्तनाग्रे समोर किंवा थोडी खाली पाहत असतील, तर हा लेख आपल्यासाठी आहे. त्यानंतर बाजूने उभे राहून पाहावे आणि कमरेतून वाकूनही पाहावे, कारण वाकल्यावर स्तनाचे मूळ, म्हणजे छातीला चिकटलेला पाया, किती रुंद आहे ते कळते. पाया रुंद असून स्तन उथळ असणे ही एक गोष्ट. पाया अरुंद असून स्तन लांबट असणे ही दुसरी. पहिलीला रुंद तारेचा आणि उथळ कप लागतो, दुसरीला अरुंद तारेचा आणि तळाशी खोल. दोघीही दुकानात ‘वरून सैल होते’ असेच सांगतात, आणि दोघींना एकच ब्रा दाखवली जाते. डावा आणि उजवा स्तन थोडा लहानमोठा असणे अगदी सामान्य आहे. माप नेहमी मोठ्याचे धरावे आणि लहान बाजूची खांद्यावरची पट्टी थोडी आवळावी.

माप घेण्यासाठी शिंप्याकडची कापडी टेप पुरेशी आहे. स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर आणि घट्ट धरून पहिला घेर घ्यावा. दुसरा घेर स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, न आवळता घ्यावा. मऊ आणि खाली झुकलेल्या स्तनांच्या बाबतीत उभ्याने घेतलेला हा दुसरा घेर नेहमी कमी भरतो, म्हणून तोच घेर कमरेतून वाकून पुन्हा घ्यावा आणि दोन्हींच्या मधला आकडा धरावा. ही पायरी बहुतेक तक्त्यांत नसते, पण या ठेवणीत कपाचे माप चुकण्याचे मोठे कारण हेच आहे. भारतीय दुकानांत ३४ म्हणून मिळणाऱ्या ब्राच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ७५ हा आकडाही छापलेला असतो; त्याचा अर्थ स्तनांखालचा घेर ७३ ते ७७ सेंटिमीटर असा आहे. युरोपीय पद्धतीत ७५ सेंटिमीटरच्या घेराला भरलेला घेर ९० सेंटिमीटर असेल तर बी कप येतो, ९२ असेल तर सी, ९४ असेल तर डी. म्हणजे एका कपाचा फरक अवघ्या दोन सेंटिमीटरचा आहे, आणि उभ्याच्या व वाकलेल्या मापात तेवढा फरक सहज पडतो.

आता वरच्या उघड्या कडेकडे वळू. नवी ब्रा घातल्यावर किंचित पुढे झुकावे, उजव्या हाताने डाव्या काखेच्या बाजूचा सगळा भाग कपात आणून बसवावा, तसेच दुसऱ्या बाजूला करावे, आणि मग सरळ उभे राहून पाहावे. कप खरोखर मोठा असेल तर कापड वर, खाली आणि बाजूला असे सगळीकडे सैल दिसते. केवळ वरची कड उघडी आहे, परंतु खाली आणि काखेकडे कप भरलेला आहे, तर तो कप आपल्या ठेवणीला फार उंच आहे. आणि वरची कड उघडी असूनही दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकत नसेल किंवा तार स्तनाखालच्या घडीच्या खाली घसरत असेल, तर कप चक्क लहान आहे: स्तन तळापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून सगळा कप पुढे ढकलला जातो. या तिसऱ्या अवस्थेत एक कप मोठा घालून पाहण्याचा सल्ला ऐकणारीला उलटा वाटतो, पण तो करून पाहिल्यावर पोकळी नाहीशी झालेली अनेकींनी अनुभवली आहे.

कपाच्या प्रकारांत या ठेवणीला सर्वांत हितकारक म्हणजे कमी उंचीचा कप, ज्याला दुकानात डेमी किंवा बाल्कोनेट म्हणतात. याची वरची कड स्तनाग्राच्या थोडी वर, जवळजवळ आडवी संपते. जिथे भरायला काही नाही तिथे कापडच नसते, त्यामुळे पोकळीचा प्रश्न उरत नाही. बाल्कोनेटच्या पट्ट्या बाजूला दूर असतात, म्हणून उतरत्या किंवा अरुंद खांद्यांच्या बाईने त्या घसरतात का ते पाहूनच घ्यावे. शिवण असलेला कप आपल्याकडे जुन्या पद्धतीचा मानला जातो आणि त्याला नाक मुरडले जाते. माझ्या मते या ठेवणीसाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही. कटोरी ब्लाउजमध्ये शिंपी जसा खालचा तुकडा वेगळा बेतून उभारी देतो, तसेच दोन किंवा तीन तुकड्यांच्या कपात खालचा भाग ताण न देणाऱ्या कापडाचा असतो आणि तो भार उचलून समोर आणतो. वरचा तुकडा ताणणाऱ्या लेसचा किंवा जाळीचा मिळाला तर अधिक उत्तम, कारण तो ज्या बाजूला जेवढे आहे तेवढ्यावरच बसतो, आणि दोन बाजूंतील फरकही झाकतो.

साच्यात घडवलेला फोमचा कप, म्हणजे टी-शर्ट ब्रा, गोल घुमटाच्या आकाराचा असतो आणि तो स्तनाप्रमाणे वळत नाही. तो घ्यायचाच असेल तर उंची कमी असलेला आणि वरच्या कडेकडे पातळ होत गेलेला पाहावा. पॅड सगळीकडे सारखे जाड असेल तर ते वरची पोकळी भरत नाही, ती फक्त पुढे नेते; तळाशी आणि बाहेरच्या कोपऱ्यात जाड असलेले पॅड मात्र स्तन वर उचलून तीच पोकळी भरते. म्हणून काढता येणारी पॅड घेतली तर ती कपाच्या तळाशी सरकवून पाहावी. प्लंज प्रकारात मधला भाग खोल असल्याने मऊ स्तन मध्याकडे घसरतात. खोल गळ्याच्या कपड्यापुरता तो ठीक, रोजच्यासाठी नाही. वरपर्यंत झाकणारा फुल कप सर्वांत सुरक्षित म्हणून आईने मुलीला सुचवलेला असतो, पण या ठेवणीत सर्वाधिक पोकळी त्यातच राहते. ज्यांचा आकार मोठा आहे आणि आधार अधिक लागतो त्यांनी वरचा तुकडा ताणणारा असेल तरच तो घ्यावा.

तारेची धास्ती अनेकींना असते. तारेच्या ब्राचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन केंद्राच्या २०१४ सालच्या अभ्यासात आढळला नाही. तार टोचते ती बहुधा माप चुकल्यामुळे. ती नेमकी घडीत बसली पाहिजे आणि तिचे टोक काखेच्या मध्याकडे रोखलेले असले पाहिजे, स्तनाच्या भागाकडे नव्हे. तार नकोच असेल तर कपाच्या बाहेरच्या बाजूला आतून जास्तीची पट्टी शिवलेली ब्रा शोधावी. ती बाजूला पसरणारा भाग समोर आणते.

भार पाठीच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावरच्या पट्ट्या मदतीला असतात. पट्टा पाठीवर आडवा राहिला पाहिजे, त्याखाली दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत, आणि नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण धुण्याने रबर सैल पडत जाते आणि आतले हुक त्या वेळी कामी येतात. पट्टा घट्ट वाटला म्हणून एक घेर वाढवायचा असेल तर कप एक अक्षर उतरवावा: ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपात जवळपास सारखेच मावते.

खरेदीला जाताना अंगाला बेताचा, फिक्या रंगाचा टी-शर्ट घालून जावे, म्हणजे सुरकुती आणि कड लगेच दिसते. मंगळबाजारात भाव चांगला मिळतो, पण घालून पाहण्याची सोय क्वचितच असते. तेव्हा पहिली ब्रा अलकापुरीकडच्या किंवा मॉलमधल्या ट्रायल रूम असलेल्या दुकानात नक्की करावी, आणि घाट व माप ठरल्यावर पुढच्या खरेदीसाठी बाजार गाठावा. दुकानदार पुरुष असेल तर संकोच होतो हे खरे. ‘वरून सैल होते’ असे म्हणण्याऐवजी ‘शिवणीचा, कमी उंचीचा कप दाखवा’ असे थेट सांगितले की बोलणेही थोडक्यात आटपते. ट्रायल रूममध्ये हात वर करून, वाकून आणि खुर्चीवर बसून पाहावे.

आपल्या गावच्या हवेत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, फोमचा कप घामाने जड होतो आणि स्तनाखालच्या घडीत ओल राहून पुरळ उठते. रोजच्या वापराला सुती अस्तराचा, शिवणीचा कप बरा. ब्रा हाताने गार पाण्यात धुवावी, पिळू नये आणि सावलीत पट्ट्याच्या मध्यावर टाकून वाळवावी. खांद्याच्या पट्ट्यांनी टांगली तर पाण्याच्या भाराने त्या लांबतात. लागोपाठ दोन दिवस एकच वापरू नये. ठेवणीत एकाएकी, विशेषतः एकाच बाजूला बदल दिसला, गाठ लागली, त्वचेवर खळी पडली किंवा स्तनाग्र आत ओढले गेले, तर ब्रा बदलण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

बडोद्यातल्या मराठी घरांत ब्राची खरी परीक्षा नवरात्रात होते. उघड्या पाठीच्या चोळीत चिकटवायचे कप या ठेवणीला उपयोगाचे नाहीत. ते वरून धरतात आणि भार खाली असतो, शिवाय घामाने सुटतात. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या तासाभरात खांद्यात रुततात. चोळीची पाठ हुकाच्या पट्ट्याइतकी झाकलेली ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग. ते नको असेल तर शिंप्याला चोळीतच शिवणीचे कप आणि घेराला रुंद रबरी पट्टा बसवायला सांगावे, आणि केवळ बाजारी पॅड आत घालून चोळी देऊ नये असे बजावावे. गरब्याच्या तालमीसाठी सपाट दाबणारी स्पोर्ट्स ब्रा न घेता दोन्ही बाजूंना वेगळे कप असलेली घ्यावी, कारण दाबल्यावर मऊ भाग खाली आणि बाजूला सरकतो व उडी मारताना हिसका बसतो. ब्लाउज असो वा चोळी, माप द्यायला जाताना जी ब्रा आत घालायची तीच घालून जावे. नव्या आधाराने स्तनांची पातळी वर येते, आणि जुन्या ब्रावर बेतलेली कटोरी आणि टक्स मग खाली पडतात. शिंपी नवरात्राच्या आधी नवे काम घेणे बंद करतात, तेव्हा ब्राची खरेदी गणपतीपूर्वीच उरकावी.