स्पिटफायर ट्रॅकवर नेण्यापूर्वी: तयारीची यादी

जुनी स्पोर्ट्स गाडी ट्रॅकसाठी उघडायची ठरले, की पाना हाती घेण्याआधी ती गाडी कापण्याजोगी आहे का, हे ठरवावे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येते. गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा पोलादी पिंजरा (रोल केज) जोडला, पत्रा कापला की हा मार्ग बंद होतो. म्हणून मूळ इंजिन, मूळ रंग आणि पूर्ण कागदपत्रे शाबूत असलेल्या गाडीला हात लावू नये. ट्रॅकसाठी अशी गाडी घ्यावी जिचे इंजिन पूर्वीच बदललेले आहे आणि पत्रा गंजाने खाल्लेला आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरला जी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली ती अशीच होती, त्यामुळे पुढची यादी मुख्यतः तिच्यावरून लिहिली आहे. १९६१ पासून मद्रासला बनणारी ९४८ सीसीची स्टँडर्ड हेरॉल्ड आणि १९६२ साली इंग्लंडात आलेली स्पिटफायर यांची पुढच्या-मागच्या चाकांची मांडणी (सस्पेन्शन) एकाच घराण्यातली आहे. ज्यांच्याकडे हेरॉल्डचा सांगाडा पडून आहे त्यांनाही यातले बरेच लागू पडेल.

कामाचा क्रम आधी वहीत लिहावा, आणि त्यात इंजिनाची ताकद वाढवणे शेवटी ठेवावे. बहुतेक जण कार्बोरेटर आणि कॅमशाफ्टपासून सुरुवात करतात. पैसे तिथेच संपतात आणि साठ वर्षांच्या जुन्या सांध्यांवर वाढीव ताकद येऊन बसते. ज्या स्पर्धेत किंवा ट्रॅक-डेला (स्पर्धेविना ट्रॅकवर गाडी चालवण्याच्या दिवशी) उतरायचे आहे तिची नियमावली मात्र पहिल्याच दिवशी मिळवावी, कारण टायर, पिंजरा आणि सीट यांचे निर्णय तिच्यावरच ठरतात. स्पर्धेत उतरायचे असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवानाही वेळेत काढून ठेवावा.

सांगाडा उघडा करून धुवावा आणि प्रत्येक जोड खरवडून पाहावा. हेरॉल्डच्या सांगाड्याला बाजूचे दांडे आहेत, स्पिटफायरला ते नाहीत; तिचा ताठपणा दाराखालच्या पेटीसारख्या पत्र्यावर बराच अवलंबून असतो. तो पत्रा बाहेरून रंगाने गुळगुळीत दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो. छोट्या हातोडीने टिचक्या मारत जावे आणि जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण करावी. आमच्या गाडीत डाव्या बाजूला पुटीच्या थराखाली वर्तमानपत्राचा बोळा निघाला.

पुढच्या चाकांची मांडणी सर्वांत जास्त वेळ मागते, आणि तो द्यावा. चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात आट्यांनी बसवलेला असतो. त्याला ट्रनियन म्हणतात आणि सुकाणू फिरते तेव्हा दांडा त्या आट्यांतच फिरतो. यात ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल भरायचे असते. आपल्याकडे गॅरेजमध्ये दिसेल त्या निपलला ग्रीस-गन लावण्याची सवय आहे. ते ग्रीस वाळून आट्यांत दगडासारखे बसते, पाणी आत शिरते, दांडा गंजतो आणि एके दिवशी आट्यांपाशी तुटून चाक आडवे पडते. आम्ही उजवा ट्रनियन टेबलावर उघडला तेव्हा आतून करडा, कोरडा चुरा निघाला आणि त्यात ठोकळ्याचे झिजलेले पिवळे कण चमकत होते. हाताने हलवले तर चाक त्या खेळात सहज डुलत होते. म्हणून दोन्ही दांडे नवे घ्यावेत. जुनेच वापरायचे असतील तर त्यांची मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक व लोखंडी कणांच्या) पद्धतीने तडे-तपासणी करून घ्यावी. आमच्या शहराजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एवढी युनिट आहेत की अशी तपासणी करून देणारे विचारपूस केल्यावर सापडतात. दोन बाजूंचे आटे उलट दिशांचे असल्याने नगांची अदलाबदल होऊ देऊ नये.

मागे स्विंग ॲक्सल आहे, आणि हे समजून घेतल्याशिवाय या गाडीने वेगात वळण घेऊ नये. दोन्ही अर्धे ॲक्सल फक्त मधल्या डिफरन्शियलपाशी (मागच्या गिअरपेटीपाशी) सांधलेले असतात, त्यामुळे चाक वर-खाली होताना अख्खे ॲक्सलच झुलते. भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू उचलली जाते, बाहेरचे चाक आत दुमडते, टायरची फक्त कड जमिनीला लागते आणि गाडी गर्रकन फिरते. कंपनीने १९७० च्या मार्क फोर मॉडेलमध्ये मधल्या बैठकीवर झुलू शकणारा आडवा स्प्रिंगचा पाटा देऊन हा दोष बराच कमी केला. तो पाटा मिळाला तर तोच बसवावा आणि जोडीला पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) जाड घ्यावा. पाटा न मिळाल्यास मागची उंची उतरवून चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर द्यावा, म्हणजे चाकांची वरची कड किंचित आत झुकवावी. दोन्ही अर्ध्या ॲक्सलची तडे-तपासणी इथेही चुकवू नये, कारण ते हबपाशी तुटले तर चाक गाडी सोडून जाते.

ब्रेकच्या सर्व रबरी सील आणि नळ्या नव्या घालाव्यात. द्रव सीलबंद डब्यातलाच आणि डॉट ४ दर्जाचा असावा. ताजा असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण तो हवेतली ओल शोषतो आणि मग ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. अर्धा वापरून ठेवलेला डबा म्हणूनच गाडीत ओतू नये.

पिंजऱ्याच्या बाबतीत काटकसर करू नये. जालन्याच्या रोलिंग मिल जवळ आहेत, लोखंड आपल्याकडे सहज मिळते, आणि फर्निचरच्या पाइपचा पिंजरा दोन दिवसांत वाकवून देणारे फॅब्रिकेटरही भेटतात. पण तो पाइप शिवणीवर फाटतो. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी थंड ओढलेला सीमलेस (बिनशिवणीचा) पोलादी पाइप ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमी व्यासाचा आणि २ मिमी जाडीचा, सांगितला आहे. पाइप चाचणी-प्रमाणपत्रासह घ्यावा, वेल्डिंग पूर्ण घेराने करून घ्यावे आणि कमानीचे पाय पातळ फरशीवर न टेकवता सांगाड्याशी जोडावेत. पट्टे, सीट आणि हेल्मेट यांच्या लेबलवरची मुदत पाहावी. बॅटरी तोडणारा स्विच आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालला पाहिजे, आणि बाहेर निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण लावावी.

आता इंजिन. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या मेन बेअरिंगला त्याची पुढे-मागे हालचाल रोखणारे अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजून खाली पडले की क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉक वाया जातो. पुढची पुली हाताने मागे दाबून धरावी, दुसऱ्याला क्लच दाबायला सांगावे आणि पुली किती पुढे येते ते डायल गेजवर वाचावे. नुसत्या डोळ्यांना हालचाल स्पष्ट दिसत असेल तर चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवावे. वळणात तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून चेंबरमध्ये आडपट्ट्या घालाव्यात आणि इंजिनाच्या श्वासनळीला किमान २ लिटरचा कॅच टँक (बाहेर येणारे तेल साठवणारा डबा) जोडावा.

रेडिएटरचा प्रश्न मराठवाड्यात वेगळाच आहे. बोअरचे पाणी चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसवते, तोच थर ब्लॉकच्या पाणवाटांत बसतो, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना त्या थराची किंमत हेड गॅस्केटने मोजावी लागते. ब्लॉक आधी रासायनिक पद्धतीने धुवून घ्यावा आणि पुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर व गंजरोधक घालावे. पाणी गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलची गरज आपल्या हवेत नाही, आणि ते ट्रॅकवर सांडले तर डांबर निसरडे होते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुने रबर खाते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी. काळ्या मातीची धूळ लक्षात घेता कार्बोरेटरच्या तोंडाशी उघडे ट्रम्पेट (कर्ण्यासारख्या हवानळ्या) न ठेवता फिल्टर लावावेत. रंगकाम सवडीने करावे.

चाचणीसाठी पहाटेचा मोकळा हायवे वापरू नये. एखाद्या कारखान्याच्या बंदिस्त आवारात, लेखी परवानगी घेऊन, कमी वेगात ब्रेक व सुकाणू पाहावे आणि बाकीचे खऱ्या ट्रॅकवर. चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आपल्यापासून हजार किलोमीटरच्या पुढे आहे. तिथवर गाडी ट्रकवर जाईल, म्हणून पुढे-मागे मजबूत ओढ-कडी बसवावी आणि सुटे दांडे, नळ्या, गॅस्केट, प्लग, ईपी ९० चा डबा व टॉर्क पाना त्याच ट्रकमध्ये चढवावा. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवावी. पहिल्या तीन फेऱ्या सावकाश मारून गाडी आत घ्यावी, त्या रेघा जागच्या जागी आहेत का ते पाहावे, आणि पुढची दोन्ही चाके उचलून ट्रनियनमध्ये कडेने तेल बाहेर येईपर्यंत ऑइल-गन चालवावी.