दोन पंचांचा सॉफ्टबॉल सामना: मैदानात उतरण्याआधी

मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, काउंटर, ब्रश: हे सांगायला नकोच. नागपुरात एप्रिलचा सामना असेल तर पाणी माणशी दोन लिटर घ्या. पावसाळ्यात बुटाला चिकटलेली काळी माती खरवडायला काडी ठेवा, नाहीतर वळताना पाय सटकतो.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या बेसवरचा निर्णय कोणी द्यायचा, हे सोबतच्या पंचाशी आधी बोलून घ्या. मागच्या वेळी हेच राहिलं आणि तिसऱ्यावर टॅग (चेंडू धरलेल्या हाताने किंवा ग्लोव्हने रनरला स्पर्श) झाला तेव्हा निर्णय द्यायला तिथे कोणीच नव्हतं. पहिल्यावर रनर आहे, फटका आउटफिल्डमध्ये (बेसांच्या पलीकडच्या मैदानात) गेला आणि रनर दुसरा ओलांडून पुढे निघाला, तर तो प्लेट पंचाचा (होमच्या मागे उभा असतो त्याचा). बॅटर-रनर, म्हणजे फटका मारून धावणारा, बेस पंचाचा (मैदानात बेसजवळ असतो त्याचा). कारण साधं आहे: पहिल्यापासून तिसरा सरळ रेषेत 85 फूट, होमपासून 60. शिवाय होमला धोका याच पुढच्या रनरचा असतो. त्याच्यावर नजर ठेवली की होमही सुटत नाही. प्लेट पंच असाल तर फाउल बाजूने (रेषेच्या बाहेरून) निघा, म्हणजे थ्रोच्या वाटेत येणार नाही, आणि ‘तिसरा माझा’ असं मोठ्याने ओरडा. मनातल्या मनात ठरवून उपयोग नाही, ओरडाच!

बेस पंचाने फोर्स आउट (रनरला पुढे धावणं भागच असतं, तिथे चेंडू आधी बेसवर पोचला की आउट) 15 ते 18 फुटांवरून बघावा, थ्रोच्या रेषेला काटकोनात. फार जवळ गेलात तर पाय आणि ग्लोव्ह एका नजरेत मावत नाहीत. नजर बेसवर, कान ग्लोव्हच्या आवाजाकडे. मग चेंडू हातात टिकला का ते बघून आउटचा हात वर. टॅगला 10-12 फूट, कारण ग्लोव्ह आणि अंग यांच्यातली फट दिसायला हवी. कोन आणि अंतर यांत एकच साधत असेल तर कोन साधा.

पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नसतो. सोडला तर डेड बॉल (खेळ तिथेच थांबतो) आणि रनर आउट. म्हणून पिचरचा हात आणि रनरचा पाय एकत्र दिसतील असे उभे राहा.

बाकी थोडक्यात. मास्क डाव्या हाताने काढा, उजवा निर्णयासाठी मोकळा. स्ट्राइक क्षणभर थांबून द्या. इनफिल्ड फ्लायची (आतल्या मैदानातला सोपा उंच झेल, ज्यावर काही स्थितीत बॅटर आपोआप आउट) खूण एकमेकांत ठरवा. पहिल्या बेसला डबल बेस (पांढरा-नारिंगी जोड बेस) असेल तर त्याचा नारिंगी भाग फाउल बाजूला आहे ना, बघा. सोबती बदलला तर तिसऱ्याचं पुन्हा बोला, सकाळच्या सामन्यात ठरलं होतं हे चालणार नाही.