इंग्रजी व्यंजने कशी उच्चारावीत आणि कशी जोडावीत

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या नाशिककर तरुणांना एक अडचण हटकून येते. द्राक्षाच्या वेलीला आणि द्राक्षांच्या मद्याला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याच्या आरंभी व्ही, दुसऱ्याच्या आरंभी डब्ल्यू. आपल्या तोंडून मात्र दोन्ही ‘वाइन’ असेच निघतात, आणि देवनागरीत लिहिल्यावर तर फरक उरतच नाही. म्हणून इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून पाठ करण्याची सवय आधी सोडावी.

सुरुवात वर्णमालेपासूनच करावी. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ हा ‘क’पासून ‘प’पर्यंतचा क्रम म्हणजे तोंडाचा तयार नकाशाच असून इंग्रजीचे साधारण 24 व्यंजनध्वनी त्यावर बसवता येतात. गळ्यावर बोट ठेवून ‘स’ लांबवावा. कंप जाणवणार नाही. तसाच ‘स’ म्हणता म्हणता आवाज सुरू केला की ‘झेड’चा ध्वनी मिळतो. ‘जग’मधल्या ‘ज’च्या आरंभी जीभ क्षणभर हवा अडवते, तशी ती येथे अडवू नये.

आता व्ही आणि डब्ल्यू. मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घर्षण होत नाही. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून हवा घासत सोडावी. ओठाला गुदगुल्या झाल्या तर उच्चार बरोबर आहे असे समजावे. डब्ल्यूत दातांचे काहीच काम नाही. ‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करून लगेच पुढच्या स्वराकडे जावे, म्हणजे मद्याचा शब्द ‘ऊआइन’ असा सुरू होईल. हा सराव आरशासमोर करावा, कारण कानाला न कळणारा फरक डोळ्याला चटकन दिसतो.

‘टी’ आणि ‘डी’ ना आपले ‘ट-ड’ आहेत, ना ‘त-द’. ‘त’ म्हणताना जीभ दातांना लागते आणि ‘ट’साठी ती मागे वळते, इंग्रजीत तिचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. त्याहून दुर्लक्षित गोष्ट श्वासाची आहे. आघात असलेल्या अक्षराच्या आरंभी ‘पी’, ‘टी’, ‘के’ या ध्वनींबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, त्यामुळे ‘पिन’चा ‘प’ दोन्ही ओठ मिटून म्हटलेल्या ‘फळ’मधल्या ‘फ’जवळ जातो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरावी: ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. आपल्याकडे महाप्राण असूनही आपण तो येथे वापरत नाही, कारण स्पेलिंगमध्ये तो दिसत नाही.

‘थिंक’ आणि ‘दिस’ यांच्या आरंभीच्या ध्वनींची कसोटी सोपी आहे. मराठी ‘थ’ लांबवता येत नाही, इंग्रजीतला येतो. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद लावून हवा न अडवता वाहू द्यावी. ‘दिस’साठी त्यात आवाज मिसळावा.

जोडणीत आरंभीची गर्दी आपल्याला फारशी जड जाऊ नये, कारण ‘स्त्री’ म्हणणाऱ्याला ‘स्ट्रीट’ अवघड नाही. इंग्रजी शब्दारंभी तीन व्यंजने आली तर पहिले ‘स’ आणि दुसरे ‘प’, ‘ट’ किंवा ‘क’ असते. ‘इस्टेशन’ किंवा ‘टेशन’ होत असेल, तर ‘स’ भरपूर लांबवून मग पुढचे अक्षर जोडावे. खरी अडचण शब्दाच्या शेवटी येते. ‘मित्र’, ‘शब्द’ यांच्या अखेरीस आपण हलका ‘अ’ सोडतो, आणि त्याच सवयीने ‘फिल्म’चा ‘फिलम’ होतो. ‘टेक्स्ट्स’मध्ये तर शेवटी चार व्यंजने सलग येतात. अशा वेळी स्वराने सुरू होणारा शब्द पुढे घ्यावा: ‘फिल्म इज’ हे ‘फिल्-मिज’ असे म्हटले की मधला ‘अ’ आपोआप गळतो.

शब्दान्तीच्या ‘एस’ आणि ‘ईडी’ या प्रत्ययांचे उच्चार गळ्यावरच्या बोटानेच ठरवावेत. कंप नसलेल्या ध्वनीनंतर ‘कॅट्स’मध्ये ‘स’ आणि ‘वॉक्ट’मध्ये ‘ट’ येतो; कंप असेल तर ‘डॉग्ज’मध्ये झेडचा ध्वनी आणि ‘प्लेड’मध्ये ‘ड’ येतो. ‘बसिज’ आणि ‘वॉन्टिड’मध्ये मात्र मधे छोटा स्वर घालावाच लागतो, कारण तेथे प्रत्ययाचा ध्वनी आधीच्या ध्वनीच्या फार जवळचा असतो.