कॅम्पात जुन्या इमारती बघायला निघण्याआधी

मंडळी, पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या इमारती चालत बघायच्या ठरलंय ना, मग आधी वार ठरवू, बाकी सगळं नंतर. शनिवारी लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, शब्बाथ (त्यांचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस) असतो, तो बघ्यांनी घुसायचा दिवस नव्हे, आणि रविवारी कयानी बेकरी बंद, म्हणजे एवढं तंगडतोड करून रिकाम्या हाताने घरी यायचं का? तेव्हा बुधवार किंवा गुरुवार धरा आणि ऑफिसात एक सुट्टी टाका.

गाडी नका आणू, एमजी रोडच्या आसपास पार्किंग शोधण्यात अर्धी सकाळ जाते. कोथरूडकरांनी वनाजला मेट्रोत बसायचं आणि पुणे रेल्वे स्टेशनला उतरायचं. साडेसातला स्टेशनच्या इमारतीसमोर भेटू, ती १९२५ ची आहे, लवकर पोचलात तर मोबाईलऐवजी तिच्याकडे बघा.

पायात सवयीचे, मळखाऊ बूट हवेत. मागच्या वेळी फोटो चांगले यावेत म्हणून मी नव्या कोऱ्या कोल्हापुरी घातल्या आणि साधू वासवानी चौक येईपर्यंत अंगठ्याशी असा फोड आला की पुढच्या सगळ्या इमारती मी कठड्यावर बसून बघितल्या. पाणी, टोपी हे काय सांगायचं, आणाच. ओळखपत्र मात्र ओरिजिनल घ्या, कारण लाल देवळाला पोलीस पहारा असतो आणि आत जायचं तर आधी परवानगी लागते. ती काढायचं काम माझ्याकडे, पण नाही मिळाली तर कुरकुर करायची नाही, बाहेरूनच बघण्यासारखं भरपूर आहे.

पहिला स्टॉप ससून हॉस्पिटलची जुनी इमारत. रस्त्यावरूनच बघायची, आत पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात, तिथे कॅमेरे रोखत फिरू नका प्लीज. ससून आधी का, तर ते आणि लाल देऊळ दोन्ही १८६७ ची, दोन्हींमागे डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याचा पैसा आणि दोन्हींचं डिझाईन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच इंजिनिअरचं, मुंबईतलं जुनं सचिवालयही त्याचंच. म्हणून एक छोटी वही आणि पेन्सिल आणा, ससूनच्या खिडक्या कशाबशा का होईना काढा आणि ते पान लाल देवळासमोर उघडा. फोटोत सगळं सारखंच दिसतं, हाताने काढलं की कमान कुठे टोकदार होते ते कळतं.

वाटेत सेंट पॉल्स चर्च, पॅरिसच्या सेंट शापेल या जुन्या चर्चच्या धर्तीवर बांधलेलं, तिथे दहा मिनिटं. कौन्सिल हॉल बाहेरून.

खरा वेळ राखून ठेवा तो लाल देवळाला, किमान पाऊण तास. सिनेगॉग आहे पण पुणेकरांनी सरळ देऊळ करून टाकलं! लांबून चर्चच वाटतं, उंच मनोरा, गॉथिक कमानी, फक्त वर क्रॉस नाही. मनोरा नव्वद फुटी आहे, त्यामुळे कुणाकडे दुर्बीण असेल तर आणा, घड्याळ आणि वरच्या खिडक्या नीट दिसतील. मग मान खाली करून जवळ जा, लाल विटांमध्ये मधे मधे आपला काळा दगड घातलाय आणि रंग कुठे बदलतो ते दरजांपाशी बघा. ससूनसाहेब बगदादचे, १८६४ मध्ये पुण्यातच वारले, देऊळ पुरं झालेलं काही त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांची कबर मात्र त्याच आवारात आहे.

शिवाजी मार्केट बघू पाय साथ देत असतील तर, नाहीतर सरळ ईस्ट स्ट्रीट. कयानी १९५५ ची, आपल्या यादीतली सगळ्यात तरुण, पण दुपारी दार लावून घेतात, त्यामुळे बाराच्या आत रांगेत उभं राहायचंय. श्रूजबेरी बिस्किटांसाठी कापडी पिशवी आणि थोडी कॅश ज्याने त्याने आपापली आणायची, विसरलात तर माझ्या पिशवीत जागा मागायची नाही.