फेलोशिपसाठी अवे इलेक्टिव्ह कशी निवडावी

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण) करताना कार्डिऑलॉजी किंवा गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीसारख्या चुरशीच्या फेलोशिपची (रेसिडेन्सीनंतर उपशाखेत घ्यायच्या प्रशिक्षणाची) तयारी करणारे अनेक डॉक्टर काही आठवडे दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करतात. या अवे इलेक्टिव्हसाठी नामांकित रुग्णालय शोधण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु निवड समितीवर परिणाम होतो तो आपले काम रोज जवळून पाहिलेल्या वरिष्ठाच्या मताचा, आणि जागा त्याच दृष्टीने निवडायला हवी.

सर्वप्रथम, आपल्याला बाहेर जाण्याची गरज आहे का, हे तपासावे. आपल्या रुग्णालयात त्या विषयाची फेलोशिपच नसेल, त्या शाखेत शिफारसपत्र देऊ शकणारे प्राध्यापक नसतील किंवा कुटुंबामुळे विशिष्ट शहरातच जायचे असेल, तर अवे इलेक्टिव्हचा खरा उपयोग होतो. घरच्याच संस्थेत चांगली फेलोशिप असेल, तर तेच आठवडे तेथील मार्गदर्शकाबरोबर संशोधनाला देणे बहुधा अधिक फलदायी ठरते.

त्यानंतर वेळापत्रक उलट्या क्रमाने मांडावे. इंटर्नल मेडिसिनच्या उपशाखांसाठीचे अर्ज इरास या ऑनलाइन अर्जप्रणालीतून रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या आरंभी, जुलैमध्ये जातात, मुलाखती साधारणपणे ऑगस्टपासून सुरू होतात आणि मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि फेलोशिप कार्यक्रम यांच्या पसंती जुळवणाऱ्या प्रक्रियेचा, निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. म्हणून पत्र हाती हवे असेल, तर इलेक्टिव्ह दुसऱ्या वर्षाच्या वसंत ऋतूपर्यंत पूर्ण व्हायला हवी. ऑगस्टनंतर केलेल्या इलेक्टिव्हने ओळख होईल, पण अर्जासोबत पत्र जाणार नाही.

जागेची निवड करताना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण येथेच बहुतेकांचे गणित चुकते. मोठ्या संस्थेतील गजबजलेल्या सेवेत (रुग्ण पाहणाऱ्या पथकात) फेलो आणि इतर रेसिडेंट यांच्या गर्दीत पाहुणा डॉक्टर मागच्या रांगेत उभा राहतो. दर आठवड्याला अटेंडिंग (पथकाचे प्रमुख वरिष्ठ डॉक्टर) बदलत असेल, तर महिनाभर राबूनही कोणालाच आपले नाव आठवत नाही. त्याऐवजी आपण रुग्ण तपासून थेट अटेंडिंगपुढे मांडू शकू, अशी कन्सल्ट सेवा (इतर विभागांच्या रुग्णांबाबत सल्ला देणारे पथक) पाहावी आणि फेलोशिपचे प्रोग्रॅम डायरेक्टर किंवा निवडीत सहभागी असलेले प्राध्यापक त्या काळात सेवेवर असतील का, हे समन्वयकांना आधीच विचारावे. त्या फेलोशिप कार्यक्रमाने आपल्यासारख्या पार्श्वभूमीचे, उदाहरणार्थ परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेले, उमेदवार अलीकडे घेतले आहेत का, हे त्यांच्या संकेतस्थळावरील सध्याच्या फेलोंच्या यादीवरून कळते. तसे कोणीच दिसत नसेल, तर तेथे महिना खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

कागदपत्रांना अनेक महिने लागू शकतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असलेली व्हीएसएलओची अर्जव्यवस्था रेसिडेंटना लागू होत नाही. त्यांना दोन्ही संस्थांच्या जीएमई (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण) कार्यालयांमार्फतच जावे लागते. पगार कोण देणार, व्यावसायिक दायित्वाचा विमा कोणाचा आणि त्या राज्यात प्रशिक्षणार्थी परवाना लागतो का, हे लेखी ठरवून घ्यावे. दुसऱ्या रुग्णालयात गेलेल्या रेसिडेंटचा वेळ मूळ रुग्णालयाला मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या प्रशिक्षण-अनुदानासाठी सहसा मोजता येत नाही, त्यामुळे काही कार्यक्रम परवानगी देताना हात आखडता घेतात. हे समजून आपल्या प्रोग्रॅम डायरेक्टरशी लवकर बोलावे. जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांनी कामाचे ठिकाण बदलण्याचे नियम आधीच तपासावेत, यात चालढकल मुळीच परवडत नाही.

प्रत्यक्ष तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आपला उद्देश मोकळेपणाने सांगावा आणि अर्ध्या कालावधीनंतर आपल्या कामाबद्दल अभिप्राय मागावा. प्रत्येक कार्यक्रमाला इरासमधून जास्तीत जास्त चारच पत्रे पाठवता येतात, आणि त्यांपैकी एक बहुधा आपल्याच प्रोग्रॅम डायरेक्टरचे असते. म्हणून शेवटच्या आठवड्यात पत्र मागताना, ते ठोस आणि भक्कम लिहिता येईल का, असेच विचारावे. उत्तरात संकोच जाणवला, तर आभार मानून घरच्या संस्थेतील जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकांचे पत्र वापरावे. होकार मिळाला, तर इरासचा विनंती-अर्ज, अद्ययावत सीव्ही आणि आपण सांभाळलेल्या दोन-तीन रुग्णांची ओळख उघड न करणारी टिपणे त्याच आठवड्यात त्यांच्याकडे द्यावीत.