दुबईत हॉटेलची नोकरी: पगार नंतर बघा, आधी व्हिसावर नाव कुणाचं ते बघा

पहिल्या दिवशी मला मिळालेलं आयडी कार्ड पिवळं होतं. बाकी बऱ्याच जणांचं निळं. मला वाटलं डिपार्टमेंटप्रमाणे रंग असतील, आपण हाउसकीपिंगवाले म्हणून पिवळे. तीन आठवड्यांनी स्टाफ कॅफेटेरियाबाहेरच्या बोर्डावर त्या महिन्याच्या सर्व्हिस चार्जचा, म्हणजे पाहुण्यांच्या बिलातून स्टाफला वाटल्या जाणाऱ्या पैशांचा, कागद लागला, सगळे मोबाईलवर फोटो काढत होते, मीपण काढला, आणि घरी पाठवायच्या आधी शेजारच्या नेपाळी मुलीला विचारलं की आपल्या खात्यात कधी येणार. तिने माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. "दीदी, पीले कार्ड वालों को नहीं मिलता."

तर मी ज्या फाइव्ह स्टार हॉटेलमध्ये काम करत होते त्या हॉटेलची मी स्टाफच नव्हते. मी एका मॅनपावर सप्लाय कंपनीची माणूस होते, आणि त्या कंपनीने मला हॉटेलला तासावर दिलं होतं. इथे याला आउटसोर्स म्हणतात. कराडहून निघताना मला हा शब्दच माहीत नव्हता.

हे सगळं आत्ता लिहितेय कारण गावाकडून, कॉलेजमधून मुलामुलींचे मेसेज यायला लागलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ताई, सॅलरी किती मिळेल?" अरे बाबांनो, तो तिसरा-चौथा प्रश्न आहे.

नोकऱ्या आहेत का? आहेत. भरपूर आहेत. २०२३ मध्ये दुबईत मुक्कामाला आलेले परदेशी पाहुणे १ कोटी ७१ लाख होते, २०२४ मध्ये १ कोटी ८७ लाख. हॉटेलच्या खोल्या दीड लाखाच्या वर गेल्यात. मी आले सप्टेंबर २०२१ ला, एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन १ ऑक्टोबरला सुरू होणार होतं आणि हॉटेलवाले अक्षरशः मिळेल तो माणूस उचलत होते. पण एक गोष्ट समजून घ्या, हे शहर वर्षभर सारखं चालत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हाऊसफुल, जून ते ऑगस्ट बाहेर पाय ठेवला तर चप्पल वितळेल असं ऊन, मग रेट पडतात आणि अर्ध्या स्टाफला वार्षिक रजेवर पाठवतात. त्यामुळे हॉटेल स्वतःच्या पगारावर जेमतेम लागतील तेवढेच लोक ठेवतं आणि सीझनला वरची माणसं सप्लाय कंपनीकडून आणतं, सीझन संपला की परत करतं. हॉटेलच्या हिशोबाने यात चूक काहीच नाही. चूक एवढीच की मला तिकडे पाठवताना हे कोणी सांगितलं नाही.

आता ऑफर लेटरबद्दल सांगते, आणि इथे मी थोडी कंटाळवाणी होणार आहे, पण वाचा.

माझ्या ऑफर लेटरवर हॉटेलचं नाव होतं! एजंटने अंधेरीला इंटरव्ह्यू घेतला तेव्हा मागे हॉटेलचा फोटो, लेटरमध्ये "वर्क लोकेशन" म्हणून हॉटेलचं नाव आणि पोस्ट काय तर "गेस्ट सर्व्हिस असोसिएट". मी आणि पप्पांनी ते लेटर चार वेळा वाचलं. आम्ही वाचलं नाही ते सगळ्यात वरचं, जिथे एम्प्लॉयर म्हणून एक भलतंच नाव होतं, पुढे एलएलसी. पप्पा म्हणाले, हॉटेलच्या मालकाची कंपनी असेल. आणि गंमत बघा, असं असूही शकतं! इथे बरीच हॉटेलं अशी आहेत की बिल्डिंग एका मालकाची, चालवणारा ब्रँड दुसरा आणि स्टाफचा व्हिसा मालकाच्या कंपनीचा. म्हणजे अनोळखी नाव दिसलं म्हणजे फसवणूकच, असंही नाही. म्हणून नुसतं नाव बघून भागत नाही.

बघायचं काय, तर त्या कंपनीचं ट्रेड लायसन्स. त्याची कॉपी मागा, सरळ मागा, लाजू नका. त्यात "ॲक्टिव्हिटी" असा कॉलम असतो. तिथे हॉटेल किंवा हॉस्पिटॅलिटीशी संबंधित काही असेल तर ठीक. तिथे "ऑन डिमांड लेबर सप्लाय" असेल तर तुम्ही आउटसोर्स आहात, मग लेटरवर हॉटेलचा लोगो सोन्याने मढवलेला असला तरी. लायसन्स देत नाहीत? मग एंट्री परमिटची पीडीएफ येते त्यावर स्पॉन्सरचं, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या कंपनीचं, नाव असतं ते बघा आणि हॉटेलच्या एचआरला ईमेल करून विचारा की ही तुमची कंपनी आहे का. एक ईमेल. मी तो केला नाही कारण एजंट मामाच्या ओळखीतला होता. "ओळखीतला आहे" हे वाक्य ऐकलं की मला आता कानात शिट्टी वाजते.

दुसरं, हॉटेलच्या लेटरहेडवरची पीडीएफ हे तुमचं खरं ऑफर लेटर नाही. खरं ऑफर लेटर इथल्या कामगार मंत्रालयाच्या फॉर्मॅटमध्ये येतं. त्या मंत्रालयाला इथे सगळे "मोहरे" म्हणतात, नावावर हसून घ्या. ते लेटर अरबी, इंग्रजी आणि तिसऱ्या एका भाषेत मिळतं, त्यात हिंदी आहे, मल्याळम आहे, तमिळ आहे, मराठी नाही. सही त्याच्यावर करायची, आणि बेसिक किती लिहिलंय ते बघून करायची. माझा पगार "१२०० दिरहम" सांगितला होता. सहीच्या कागदावर बेसिक ७००, बाकी ५०० अलाउन्स. मी म्हटलं बेरीज तीच येतेय की! पण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, म्हणजे १२०० वर जे ८४० मिळाले असते ते माझे ४९० झाले. ओव्हरटाइमही बेसिकवरच, साधा २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ मधला ५० टक्के जास्त. सातशेवर पन्नास टक्के म्हणजे किती ते तुम्हीच काढा.

आणि एजंटचे पैसे. मी ७०,००० दिले, पतसंस्थेचं कर्ज काढून. आपल्या सरकारच्या नियमात नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापुढे एक रुपया घेता येत नाही, आणि इथल्या कायद्यात तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नाहीत असं आहे. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या साइटवर दिसतं. मी बघितलं नाही. मला माहितीच नव्हतं की असं काही बघायचं असतं.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थांबा, काम मात्र मला तिथेच शिकायला मिळालं आणि ते मी कधीच नाकारणार नाही.

दिवसाला १५ खोल्या. पाहुणा राहतोय अशी खोली अर्ध्या तासात, चेकआउट झालेली असेल तर पाऊण तास गृहीत धरा. माझी सुपरवायझर फिलिपिन्सची, आवाज कधी चढवायची नाही पण खोलीत शिरली की बेडकडे बघायचीच नाही, सरळ बाल्कनीकडे जायची, सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत बोट फिरवायची आणि ते बोट मला दाखवायची. वाळू. दुबईत एक धुळीचा वारा आला की ती खाच भरते, आणि पाहुण्याला दार सरकवताना करकर ऐकू आली की त्याला अख्खी खोली घाण वाटते. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं, दोन मिनिटं. आमच्या कॉलेजात तीन वर्षं चादरीच्या कोपऱ्याचे मार्क होते, ही वाळू कुठल्याच पेपरात नव्हती.

म्हणून माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. सगळ्यांना फ्रंट ऑफिस पाहिजे असतं, कारण सूट घालून फोटो चांगले येतात. हाउसकीपिंगला नाकं मुरडतात, त्यात आपले मराठी लोक जरा जास्तच, "एवढं शिकून संडास धुणार का" हे माझ्या आत्याने माझ्या तोंडावर म्हटलेलं आहे. पण फ्रंट ऑफिसला एका जागेला शंभर जण उभे असतात, अरबी किंवा रशियन येणाऱ्यांना आधी उचलतात, आणि हाउसकीपिंगमध्ये नीट काम करणारा माणूस दोन महिन्यांत सगळ्यांना माहीत होतो. आतून डिपार्टमेंट बदलणं बाहेरून घुसण्यापेक्षा खूप सोपं आहे. मी तशीच गेले.

दुसरं मत, ते "गल्फ स्पेशल" पंधरा दिवसांचे कोर्स बंद करा. त्या पैशात इंग्रजी बोलायची सवय करा. आणि मेंटॉर म्हणून रील्सवरच्या दुबईवाल्या दादांना धरू नका, त्यांच्यातले निम्मे रेफरलवर कमिशन घेतात. जो माणूस तुमच्यापेक्षा फक्त दोन वर्षं पुढे आहे आणि अजून शेअरिंग रूममध्ये राहतो त्याला विचारा, तो खरं सांगेल.

तिसरं, डेरा, बर दुबई, अल बरशा इथली चार स्टार हॉटेलं. दिसायला साधी, पण स्टाफ कमी असल्यामुळे तुम्हाला चेक-इनपासून रात्रीच्या ऑडिटपर्यंत सगळं करायला लावतात. स्वतःच्या पेरोलवर घेणारं चार स्टार हे पाम जुमेरा बेटावरच्या झगमगीत हॉटेलात आउटसोर्स असण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

हां, आणि व्हिजिट व्हिसावर येऊन नोकरी शोधणं वेगळं आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं वेगळं. "आधी जॉइन व्हा, व्हिसा नंतर लावतो" म्हणाले तर उठून या. २०२४ मध्ये इथल्या सरकारने असं कामावर ठेवणाऱ्याचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम केला, तरी असे महाभाग आहेतच, आणि पकडलं की दंड मालकाचा असला तरी अडकता तुम्हीही.

मी बाहेर कशी पडले ते थोडक्यात. हाउसकीपिंग मॅनेजरला मला घ्यायचं होतं, तिने स्वतः सांगितलं, पण हॉटेल आणि सप्लाय कंपनीच्या करारात होतं की त्यांची माणसं हॉटेलने परस्पर घ्यायची नाहीत. त्या दिवशी मी लिनन रूममध्ये बसून रडले, खोटं कशाला सांगू. मग दुसरीकडे अर्ज केले. सप्लाय कंपनीने व्हिसाचा खर्च भर म्हणून धमकावलं. तोपर्यंत नवीन कामगार कायदा लागू झाला होता, फेब्रुवारी २०२२ पासून, आणि आमच्याच बसमधल्या एका केरळच्या चेट्टनने (म्हणजे दादाने) मला त्याचा कागद वाचून दाखवला की भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. प्रोबेशनमध्येच सोडून इथेच दुसरीकडे जायचं असेल तर महिनाभराची नोटीस द्यायची आणि तो खर्च जुन्या मालकाने नवीन मालकाकडे मागायचा. माझं प्रोबेशन तर कधीच संपलं होतं. मी करारातली नोटीस दिली, पूर्ण भरली, आणि १४ महिन्यांनी निघाले. रागाने अर्ध्यात पळून जाऊ नका, ॲब्स्कॉन्डिंगची, म्हणजे न सांगता पळून गेल्याची, केस टाकली तर पुढचा व्हिसा अडकतो. नोटीस भरा, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, तो ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याच कंपनीला नाही.

आता डेऱ्यात फ्रंट ऑफिस सुपरवायझर आहे. रोज कोणीतरी पाहुणा बिलातल्या टुरिझम दिरहमवरून, म्हणजे मुक्कामावर लागणाऱ्या सरकारी शुल्कावरून, भांडतो, मी रोज तेच हसून समजावते. कार्ड निळं नाही, इथे सगळ्यांचं पांढरंच आहे.

गेल्या आठवड्यात मामाच्याच मुलीचं ऑफर लेटर आलं, मस्त गुळगुळीत पीडीएफ, वर हॉटेलचा लोगो. मी एजंटला फोन लावून ट्रेड लायसन्स मागितलं. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." मी म्हटलं मी विचारतेय. उद्या पाठवतो म्हणालाय, त्याला आज सहा दिवस झाले.